तीन मिनिटं

सहकारनगरच्या हॉलात सहलीचं पुनर्मीलन.
प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी.
घंटी देवस्थळींकडे. निवृत्त ऑडिटर,
बस सुटायच्या आधी डोकीही तेच मोजायचे.

पहिल्या बाई चनाक्कालेच्या धक्क्यावरच्या
लाकडी घोड्याविषयी बोलल्या. दुसऱ्याही.
तिसरे म्हणाले, तिथे नऊ शहरं एकावर एक निघाली,
आपल्याकडे मेट्रोला एक खड्डा खणला तर बोंब.
हॉल हसला.
पडद्यावर सामुद्रधुनी आली.
सातवीच्या पेपरात जिचं नाव मी चुकवलं होतं ती,
दिसायला खडकवासल्याचं पाणी, फक्त
मधून जहाजं जात होती, सोसायटीएवढी उंच.

माझा नंबर अकरावा.
चिठ्ठीवर लिहून आणलंय:
फेरी. कंबरेत बारीक चहाचे ग्लास.
तिळाची कडी, म्हणजे पावच तो.
ट्रॉयच्या भिंतीवर झोपलेलं मांजर.
संग्रहालय.

संग्रहालयापुढे काही लिहिलेलं नाही.

काचेत दोन गोळ्या होत्या, एकीत एक रुतलेल्या,
जशी पोरं वाळूत काडीत काडी खोचतात.
गाइड सेर्कान म्हणाला, हवेतच भिडल्या,
विचार करा, किती गोळ्या उडत असतील.
सगळ्यांनी केला. मोबाइल वर गेले.
देवस्थळी म्हणाले, संभाव्यता काढता येईल.

मी वाकले. सवयीनं आधी खूण शोधली.
मग स्वतःलाच हसले: खूण काडतुसाच्या बुडावर असते,
गोळीवर नसते. गोळी कुणाची ते गोळी सांगत नाही.

एकतीस वर्षं मी खडकीला दारूगोळा कारखान्यात,
तपासणीत. डाव्या हातानं उचलायची, उजव्यानं फिरवायची,
चरा दिसला की लाल डब्यात.
माझ्या श्वासानं काच धुरकटली, पदरानं पुसली,
पुन्हा पाहिलं.
एकीवर नळीतल्या आट्यांचे ओरखडे होते, तिरके, नीट.
दुसरीवर नव्हते.

म्हणजे दुसरी उडालीच नव्हती.
ती काडतुसात बसून होती, कुणाच्या तरी पट्ट्यात,
पट्टा कुणाच्या तरी अंगावर.

सेर्कान पुढे गेला होता. बाहेर पाईनची झाडं,
खंदक, समोरासमोर, मध्ये आठ-दहा पावलं:
आमच्या दोन बाकांमधल्या वाटेपेक्षा थोडं जास्त.
त्या वाटेतून आरोग्यमेरी दुपारी पापडाचा डबा फिरवायची.
कोणी म्हणालं, किती शांत आहे ना इथे.
मी हो म्हणाले.

"रत्नप्रभा तिकोने मॅडम."

माईक जड होता. मी म्हणाले, फेरी छान होती.
चहा छान. पाव थोडा कडक.
मांजर सांगितलं, त्याला टाळ्या पडल्या.
मग गप्प उभी राहिले.
देवस्थळींनी घड्याळ पाहिलं. माझं अजून
दीड मिनिट शिल्लक होतं,
ते त्यांनी पुढच्यांना दिलं.

सकाळी होळकर पुलावरून खडकी बाजारात गेले.
आरोग्यमेरीसाठी निळा मणी आणला होता, नजरेचा.
उजव्या हाताची दोन बोटं ऐंशी साली गेलेली,
उरलेल्या तिनांत धरून तिनं तो उजेडाकडे फिरवला,
पार्टी बदलून पुन्हा फिरवला.
मग मी तिला गोळ्यांचं सांगितलं. आट्यांचंही.

ती हवेत भिडण्याबद्दल काही बोलली नाही.
म्हणाली, "दोघींचं मिळून वजन?"
त्या सहलीत मला कुणी विचारलेला
हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर मला येत होतं.
"बावीस-तेवीस ग्रॅम."
"म्हणजे दोन तोळ्याला कमीच," ती म्हणाली,
आणि दूध वर येतंय म्हणून आत गेली.